मायनस ज्याला, उपास त्याला

प्रिय जनू,

रविवारी तुझी शोकसभा हाय. तुझ्याच वर्गातल्या पोरांनी ठेवलीय, इथे नवीन पनवेलला, कोपऱ्यावरच्या हॉलमध्ये. मला बोलली, बाय, तुमी दोन शब्द बोला. मी सांगितलं, मी पाचवीपर्यंत शिकलेली बाई, माइकवर काय बोलू? आणि ज्याच्याबद्दल बोलायचं तोच ऐकायला नाय, मग ऐकवायचं कोणाला? तर पोरं बोलली, मग लिहून द्या, आम्ही वाचू. म्हणून बसले लिहायला. पण लिहिते तुलाच. त्यांना वाचायचं तर वाचू देत.

फ्लेक्स पण छापलाय. तुझा फोटो एवढा मोठा, वर ‘ज्ञानसूर्य’ लिहिलंय. मी बोलले, सूर्य कसला? शेवटी शेवटी तर ट्यूब पेटली का विझली ते पण त्याला मला विचारायला लागायचं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग हसली. तुझीच पोरं ती, हसणारच.

मला सूर्य-बिर्य जमत नाय. जे बघितलं ते सांगते. तुला दिसत नव्हतं तेव्हा तुझ्या वाटचं मीच बघत होते ना?

डोळ्यांचं तू लपवलंस ते मला अजून पटलेलं नाय, जनू. साखर वाढलेली मला माहीत होती. चहात चोरून साखर टाकायचास ते पण माहीत होतं. पण डोळे चाललेत हे सांगायला काय झालं होतं? मी काय परकी होते? सख्खी मोठी बहीण तुझी.

नवरा गेल्यावर मी आपलं करंजा गाव सोडून तुझ्याकडे आले. मासळीच्या पाट्या वाहून गुडघे गेलेले. तू पण एकटाच. पुढच्या खोलीत बारावीच्या गणिताचा वर्ग, मागे स्वयंपाकघरात मी. मोठ्या क्लासवाल्यांनी घेतली नाय ती पोरं तुझ्याकडे यायची. नेऱ्याची, करंजाची, एकदा नापास झालेली, इंग्रजीला घाबरलेली. तू एक गोष्ट इंग्रजीत सांगायचास, मग मराठीत, तरी डोक्यात शिरली नाय तर आपल्या करंजाच्या बोलीत. तिसऱ्या वेळेला सगळ्यांना कळायचं. मला पण अर्धंमुर्धं कळायचं, आत बसून.

गेल्या गणपतीनंतर तू काट्याची मासळी सोडलीस. पाला मासा केला की ताट सरकवायचास. रोज बोंबील कर बोलायचास. मी वैतागले होते. कोळ्याचा पोर काट्याला घाबरतो? जल्लं मेलं, वयाबरोबर चव बदलली असेल, असं समजून मी बोंबील करत राहिले. अरे, काटा दिसत नव्हता तर सांगायचं. मी काढून दिले असते. लहानपणी देत नव्हते का?

शेवटी मला सांगितलं ते नाझनीनने. पनवेलच्या मोहल्ल्यातली, बाप कुवेतला, तोंडाने फटकळ. वर्ग सुटल्यावर सरळ स्वयंपाकघरात आली. बोलली, “मावशी, सरांनी आज जुन्या आकृतीवरच नवीन आकृती काढली. फळा पुसलाच नव्हता. कोणी काय बोललं नाही. आम्ही सगळ्यांनी वहीत गुपचूप रिकामी जागा सोडली.”

मी बाहेर येऊन बघितलं. फळ्यावर एकात एक रेघा. तुटकं जाळं गुंडाळून टाकावं तसा गुंता. तू खुर्चीत बसलेला, हातात खडू.

मी विचारलं, कधीपासून? तू बोललास, गणपतीपासून. आणि मग बोललास की एकच धडा राहिलाय, अपास्ताचा, पण तो फळ्याशिवाय शिकवता येत नाय. समीकरण तोंडाने सांगता येतं, आकृती नाय सांगता येत. पोरांना दुसरीकडे पाठवतो, वर्ग बंद करतो.

मी बोलले, कर बंद. आराम कर.

तेव्हा तू जे बोललास ते मी विसरणार नाय. “वर्ग गेला तर मी काय करू, बाय? पंख्याचा आवाज ऐकत बसू?”

तुला रडताना मी आई गेली तेव्हा बघितलं होतं. त्या दिवशी रडला नव्हतास. पण आवाज तोच होता.

मी बोलले, तू बोल. मी काढते.

तू हसलास. बोललास, तुला सरळ रेघ येते का? मला राग आला. जन्मभर जाळी विणली मी. जाळ्याचं एक घर लहान नि एक मोठं झालं की मासा हसत निघून जातो. आणि हा मला रेघ विचारतो!

दुसऱ्या दिवशी पदर खोचून मी फळ्यासमोर उभी राहिले. पोरं बघत राहिली. मागच्या बाकावरचा नेऱ्याचा रोहन हळूच बोलला, आज मावशी शिकवणार का? मी वळून सांगितलं, शिकवणार सरच. मी फक्त हात. तू मला बाय बोलायचास, म्हणून त्या दिवसापासून अख्खा वर्ग मला बाय बोलायला लागला. बाजूच्या बिल्डिंगमधली नवीन सूनबाई तर विचारायला लागली, तुम्ही कुठच्या शाळेत बाई आहात? मी पण सांगून टाकलं, घरच्याच.

तू समीकरण सांगितलंस. एक्सचा वर्ग भागिले नऊ, वजा वायचा वर्ग भागिले सोळा, बरोबर एक. ते नाझनीनने लिहिलं, मला कुठे येतंय? मग तू मला बोललास, आधी एक आडवी रेघ, एक उभी रेघ, मधोमध छेदणारी. आडवी एक्सची, उभी वायची. काढली. आता नवाचं मूळ तीन. मधल्या बिंदूपासून आडव्या रेघेवर डावीकडे तीन, उजवीकडे तीन. खूण कर. सोळाचं मूळ चार. उभ्या रेघेवर वर चार, खाली चार. खूण कर. आता त्या चार खुणांमधून जाणारी चौकट काढ. काढली. कोपऱ्यातून कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा ओढ, चौकटीच्या बाहेर लांबपर्यंत जाऊ दे. ओढल्या.

मी बोलले, झालं?

तू बोललास, अजून सुरू पण नाय झालं. हा नुसता मांडव हाय. नवरा यायचाय.

पोरं हसली. वर्गातला धाक गेला तो तेव्हा.

मग तू पोरांना विचारलंस, आता वक्र कुठून निघणार? डावी-उजवीकडे का वर-खाली? रोहन बोलला, वर-खाली सर, कारण वायखाली सोळा, मोठा आकडा. तू मान हलवलीस. बोललास, मोठा कोण ते लंबवर्तुळात विचारायचं. इथे मोठेपणा चालत नाय. हा हायपरबोला हाय, मराठीत अपास्त.

आणि मी मध्येच बोलले, “उपास? कोणाचा उपास?”

कसला हशा झाला! नाझनीन बाकावर डोकं टेकून हसत होती. मला वाटलं, झालं, आपली शोभा झाली, खडू ठेवावा आणि आत जावं. तुझ्या जागी दुसरा कोणी मास्तर असता तर बोलला असता, उपास नव्हे हो, अपास्त. दोनदा म्हणून घेतलं असतं.

तू काय केलंस? तू तोंड वर केलंस. काहीतरी चाखत असल्यासारखं. मग बोललास, “बाय बरोबर बोलली. मायनस कोणाला हाय? वायला. ज्याला मायनस, त्याला उपास. वक्र त्याच्या रेघेला शिवणार नाय. बायचा मंगळवार असतो ना, तसं. पाटी समोर हाय, पापलेट समोर हाय, पण शिवायचं नाय. एक्सला मायनस नाय, तो जेवणारा. वक्र त्याच्या रेघेवरून निघणार. म्हणजे डावी-उजवीकडे.”

माझ्या चुकीचं तू एका दमात गणित केलंस, जनू. मी पाटीवर तोलून तोलून मासळी विकली आयुष्यभर, पण टाकून द्यायच्या मासळीला असं गिऱ्हाईक मला नाय मिळवता आलं.

मग तू मला सांगितलंस, आडव्या रेघेवर उजवीकडे तीनवर खडू टेकव. तिथून वक्र वर ने, तिरक्या रेघेच्या जवळ जवळ. मग परत तीनवर ये आणि तसंच खाली ने. मी नेलं. आणि वर गेल्यावर नीट नेऊन त्या तिरक्या रेघेला जोडून टाकलं. आपल्यात दोरी सोडून देतात का? दोराला गाठ मारल्याशिवाय जाळं धरेल कसं?

तू फळ्याकडे पाठ करून बसला होतास. तरी बोललास, “बाय, टेकवलंस ना?”

तुला कसं कळलं, मी विचारलं. तू बोललास, खडू आवाज करत चालला होता, तो एकदम थांबला. वक्र असा थांबत नसतो.

मी चिडले. “शिवायचं नाय तर ही तिरकी रेघ काढायला लावलीस कशाला? उगाच खडू घालवायला?”

तेव्हा तू पोरांना सोडून माझ्याशीच बोललास. बाबा आपल्या दोघांना होडीतून घेऊन गेले होते ते आठवतं का, विचारलंस. परत येताना करंजाच्या बंदरात शिरायला बाबा दोन खुणा धरायचे. देवळाचा कळस आणि मागे डोंगराचं टोक. दोन्ही एका रेषेत आली की सुकाणू सरळ ठेवायचं. “पण बाबांनी होडी कळसावर नेली का कधी? खूण दिशा धरायला असते, बाय. जाऊन धडकायला नाय.”

मी पुसलं आणि परत काढलं. जवळ जवळ नेलं, अजून जवळ, आणि फळा संपला तिथे सोडून दिलं. मग तू बोललास, आता त्या तिरक्या रेघा तुटक कर, त्या पाहुण्या हायत. नंतर डावीकडे तीनवरून दुसरा अर्धा, आरशात बघितल्यासारखा. काढून मागे सरकले. दोन पाखरं एकमेकांकडे पाठ करून उडायला निघाल्यासारखं दिसत होतं. पण ते मी तुला बोलले नाय. तू बोलला असतास, पाखरं-बिखरं नको, शिरोबिंदू सांग.

पुढचं गणित उलट घातलंस. वायचा वर्ग भागिले सोळा, वजा एक्सचा वर्ग भागिले नऊ. चौकट तीच, तिरक्या रेघा त्याच. मी सवयीने आडव्या रेघेवर खडू ठेवला, तर सगळा वर्ग ओरडला, बाय, एक्सचा उपास! मग वर चारवरून आणि खाली चारवरून काढलं. तेव्हा माझ्या डोक्यात बसलं की मांडव तोच असला तरी नवरा कुठच्या दारातून येईल ते मायनसला विचारायचं. पाचवी शिकलेल्या बाईला एवढं कळलं, तर श्रेय तुझंच.

आणि एक नियम तू तेव्हाच घातलास, तो पोरांना फार जड गेला. फळ्याकडे बोट दाखवायचं नाय. ‘इथून’, ‘तिथून’, ‘असं’ बोलायचं नाय. मला दिसत नाय, मला तोंडाने सांगा. कुठच्या बिंदूतून निघाला, कुठे वळला, कोणाच्या जवळ गेला, सगळं शब्दात. रोहनला सुरुवातीला ततपप व्हायचं. तो हात हलवून दाखवायचा आणि तू बोलायचास, रोहन, हाताचा वारा लागला, पण आकृती नाय आली. तो लाजायचा. पण दिवाळीपर्यंत तोच रोहन डोळे मिटून अख्खी आकृती सांगायला लागला. मी त्याच्या सांगण्यावर काढायची आणि ती बरोबर यायची.

मला तेव्हा वाटायचं हे तुझ्या सोयीसाठी हाय. आंधळा माणूस, दुसरं काय करणार? मी किती उशिरा शहाणी होते बघ.

दिवाळीनंतर तुझ्या पायाला जखम झाली. साखरेमुळे ती भरत नव्हती, पण चप्पल चावली असं सांगितलंस. परत लपवलंस! त्याबद्दल वर आले की बोलणार हाय मी तुझ्याशी, इथे नाय लिहीत. पोरं वाचतील.

दवाखान्यात मी तुझ्या उशाशी बसलेली असताना तू वर्गाचंच विचारत होतास. नाझनीन येऊन सांगून जायची की उजळणी बाकी हाय, पण सर बरे झाल्यावर करू. ती गेल्यावर तू मला बोललास, “वर्ग बंद कर, बाय. काढणारी हाय, पण बोलणारा नाय राहणार आता.”

मी हो बोलले. आजारी माणसाशी काय भांडायचं?

तू गेलास. मोठी मी, आणि पुढे गेलास तू. ही पण तुझी घाईच.

तेरावं झाल्यावर मी बादली आणि फडकं घेऊन पुढच्या खोलीत गेले. तुझं ऐकायचं ठरवलं होतं. बाक कोणाला तरी देऊन टाकायचे, फळा धुवायचा, दाराला कडी. फळ्यावर तुझ्या शेवटच्या दिवसाची आकृती होती. माझ्याच हातची. चौकट होती, तिरक्या रेघा होत्या, उजवा अर्धा होता. डावा काढायच्या आधी तुझा पाय दुखायला लागला होता, म्हणून राहिला होता.

फडकं पिळलं, तेवढ्यात दारात चपलांचा आवाज. सगळी आली होती. परीक्षा तोंडावर होती. मी सांगितलं, पोरांनो, दुसरीकडे जा. शिकवणारा गेला. मला एक अक्षर समजावून सांगता येत नाय.

नाझनीन बोलली, “तुम्हाला कोण सांगायला सांगतंय? तुम्ही खडू घ्या.”

माझ्या हातात फडकं, दुसऱ्या हातात तिने खडू दिला. आणि ती तुझ्या खुर्चीच्या बाजूला उभी राहिली, फळ्याकडे पाठ करून. डोळे मिटले. आणि सुरू झाली. डावीकडे वजा तीन, शून्य, तिथे खडू टेकवा, बाय. वर जाताना डावीकडे झुकवा. मायनस वायला, वायचा उपास, म्हणून उभ्या रेघेकडे जायचं नाही. आता तिरक्या रेघेच्या जवळ. अजून जवळ. खाली पण तसंच.

तुझे शब्द. तुझी थांबायची जागा. ‘जवळ’ बोलताना तू जसा आवाज खाली न्यायचास तसाच नेला तिने. मी काढत गेले. माझं सगळं लक्ष ऐकण्यात, हात गेला आणि रेघेला लागला.

“बाय, टेकवलंत,” पोरगी डोळे न उघडता बोलली.

जनू, त्या वेळेला मी खाली बसले बघ. खडू घेऊन जमिनीवरच. पोरं पाणी आणायला धावली. मी बोलले, काय नाय झालं, गुडघा दुखतोय. गुडघ्याचं खोटं चालून जातं म्हातारीला.

तुला वाटलं तू गेलास की बोलणारा गेला. अरे, तुला दिसत नव्हतं म्हणून तू सगळ्यांना बोलायला लावलंस, आणि वर्गभर बोलणारे करून ठेवलेस. एवढं गणित येणारा माणूस, आणि हेच कसं नाय आलं तुला? का आलं होतं, आणि मला मुद्दाम सांगितलं नाय? डोळ्यांसारखं हे पण लपवलंस?

परीक्षेपर्यंत रोज वर्ग भरला. एक दिवस नाझनीन बोलायची, एक दिवस रोहन, एक दिवस आणखी कोणी. चुकलं की बाकीचे भांडायचे. मी काढायची आणि चहा करायची. परीक्षा झाली. पेपरात अपास्त आला होता. सगळे नाचत आले, उपास आला, उपास आला करत. बाजूच्या सूनबाईला वाटलं कसला सण हाय.

रोहन बाहेर पडला तो मला बोलला की मी पेपरात आधी ओठ हलवून बोललो, मग काढलं. पर्यवेक्षकाने विचारलं म्हणे, जप करतोस का?

रविवारच्या भाषणाची त्याने तयारी केलीय. मला वाचून दाखवली. त्यात लिहिलंय की सर त्या तिरक्या रेघेसारखे, आम्ही त्यांच्या जवळ जाऊ पण पोचणार नाही. मी त्याला बोलले, चहा पी आणि ते वाक्य काढ. पोचणार नाय काय? पोचून पुढे जा. तो बोलला, बाय, तसं गणितात चालत नाही. मी बोलले, मग गणित ठेव आणि सरांना काढ. शेवटी काय ठेवलं ते रविवारी कळेल.

सभेला मी जाणार हाय. मागच्या खुर्चीत बसणार. हार घालायला बोलावलं तर गुडघा दुखतो सांगणार.

पण तुला एक सांगायचं होतं, म्हणून एवढं लांबवलं. तू वर्ग बंद कर बोललास आणि मी हो बोलले, ते मी मोडते. नाझनीन इथल्याच कॉलेजात गणित घेऊन बीएस्सीला जाणार हाय. तिच्या अम्मीला भेटून आले मी. अम्मी बोलली, सरांचं घर हाय, बिनधास्त येऊ दे. जूनमध्ये नवीन पोरं येतील. दुसरीकडे घेतली नाय ती. संध्याकाळी नाझनीन बोलेल आणि मी काढेन. बोट दाखवायचं नाय, हा नियम तसाच राहील. मायनसवाल्याचा उपास तसाच राहील. चहात साखर मात्र मीच टाकणार, मोजून.

आणि मी रेघेला टेकवणार नाय, हा शब्द देते. चुकून टेकवलंच, तर खडू थांबल्याचा आवाज तुला येईलच.

तुझी,
बाय